तलवार बदकांच्या जागेचा रकाना

तुमच्या जन्माआधी, २००४ सालच्या हिवाळ्यात, मी अमेरिकेत तुमच्या बाबाकडे, सनीव्हेलला राहिले होते. बाबा दिवसभर ऑफिसात आणि मला गाडी चालवता येत नाही, त्यामुळे माझं सगळं फिरणं शेजारच्या मुलीवर अवलंबून होतं. ती नागपूरची, सॉफ्टवेअर इंजिनिअर. मला काकू म्हणायची आणि दर शनिवारी दोन तास ड्राइव्ह करून एका पाणथळीवर पक्षी बघायला न्यायची. त्या शनिवारांची मी आठवडाभर वाट बघत असे.

तिथे पार्किंगजवळच्या खांबावर पत्र्याची पेटी होती आणि पेटीत एक वही. ज्याला जो पक्षी दिसेल त्याने तो लिहावा, अशी पद्धत. बहुतेक लोक ‘खूप बदकं, सुंदर सकाळ’ असं काहीतरी खरडत. कॉलेजात इतकी वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवल्यावर मला ते बघवेना. मी रकाने आखले: तारीख, वेळ, जागा, संख्या. उजनीला हिवाळ्यात येतात तशीच, लांब टोकदार शेपटीची तलवार बदकं तिथेही होती. ओळीने तीन शनिवार त्यांचा थवा नऊच्या सुमारास पूर्वेच्या बांधामागे उतरला, आणि तिन्ही वेळा मी तसं लिहिलं.

चौथ्या शनिवारी पोचलो, तर नेमके तिथूनच बंदुकांचे आवाज येत होते. थंडीत शिकारीला परवानगी असते हे ठाऊक होतं, पण शिकारी आजवर पश्चिमेकडे बसायचे.

मुलीने वही उघडून माझं पान बघितलं. “काकू, यार, तुम्ही त्यांना पत्ता दिलात. टायमिंगसकट.”

“वही पक्षी बघणाऱ्यांची आहे ना?”

“पेटीला कुलूप आहे का?” मग वही माझ्या हातात देत म्हणाली, “हे असंच लिहिणार असाल, तर मी नाही आणणार तुम्हाला. सॉरी.”

जागा नसलेली नोंद ही नोंदच नव्हे, असं मी विद्यार्थिनींना सांगत आले होते.

तेवढ्यात पांढऱ्या मिशांचा एक शिकारी दोन बदकं घेऊन आपल्या गाडीपाशी आला. माझ्या हातातली वही बघून म्हणाला, “रकाने आखणाऱ्या बाई तुम्हीच का? फार उपयोग झाला.”

“मला त्याचं वाईट वाटतंय,” मी म्हणाले.

“मीही मोजतो. फक्त तुमच्याआधी तीन तास येऊन बसतो. आणि हे घरी शिजवून खातो. दुकानातल्या कोंबडीपेक्षा याचं आयुष्य बरं गेलं.”

“आणि मरण?” मुलीने मागून विचारलं.

तो सुरी काढून बदक साफ करायला बसला. मुलगी गाडीत जाऊन बसली. मीही जायला हवं होतं. पण त्याने बदकाचा गळा उघडला आणि आत तिळाएवढं काळं, चकचकीत बी गच्च भरलेलं दिसलं. जन्मभर शाकाहारी असलेली मी चष्मा पुसून वाकून बघू लागले.

“बांधामागे हेच तण वाढतं. ती तिथेच का उतरतात, ते तुमच्या वहीत नाही,” तो म्हणाला. मी चिमूटभर बी रुमालात बांधून घेतलं.

परतीच्या वाटेला लागून तास झाला होता; मी बी रुमालात बांधताना मुलीने गाडीच्या काचेतून पाहिलं होतं. मग समोर बघतच तिने विचारलं, “कसलं बी होतं?”

पेट्रोल पंपावर गाडी थांबवून तिने रुमाल उघडला. बी तळहातावर घेऊन बराच वेळ बघत राहिली. “तरी जागा लिहायची नाही. कबूल?”

“शिकारीचे दिवस संपेपर्यंत कबूल. नंतर भरणार.”

“काकू, तुम्ही ना...”

पुढच्या शनिवारी सकाळी सहाला तिने बेल वाजवली. वहीत जागेचा रकाना मी कोरा सोडला आणि शेजारी नवा आखला: आहार.