तिसरा फोटो आणि सातवा फोटो

पाम गावच्या सुलू चुरीने एकोणिसाव्या वर्षी बोईसरच्या एका फोटो स्टुडिओत हातात ब्रश धरला, तो फोटोंवरचे ठिपके बुजवायला. तेव्हा रोलचा जमाना होता. निगेटिव्हवर धुळीचा कण बसला की नवरदेवाच्या कपाळावर पांढरा ठिपका उमटायचा. सुलू तो भिंगाखाली धरायची आणि नेमक्या राखाडी शाईने भरून टाकायची. पुढे कॉम्प्युटर आला, स्टुडिओच्या मालकांनी धंदा आवरला, आणि तोच गाळा सुलूने नवऱ्याच्या, रामनाथच्या जोडीने चालवायला घेतला. रामनाथ केळव्यापासून सफाळ्यापर्यंत लग्नांचे फोटो काढतो, सुलू अल्बम रचते. एका लग्नाचे आठशे फोटो पुढ्यात टाका, त्यातले कुठले दोन एकाच क्षणाचे आहेत हे ती चहा निवायच्या आत सांगते.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर तिच्याकडे ज्ञानेश सर आले. ते पालघरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात. सोबत त्यांच्या हाताखाली पीएचडी करणारी हिमानी होती. दोघांचा शोधनिबंध एका जर्नलला पाठवायचा होता आणि त्यातले आठ फोटो एका पानावर, सारख्या मापात बसवून हवे होते. फोटो कसले, तर खाडीतल्या बोय माशाच्या कल्ल्यांचे, सूक्ष्मदर्शकातून काढलेले. गुलाबी-जांभळ्या रंगाच्या झालरीच जणू. हिमानीने समजावून सांगितलं, "ताई, हा तिसरा फोटो स्वच्छ पाण्यातल्या माशाचा. पाचवा कारखान्यातला रंग मिसळलेल्या पाण्यातला, कल्ले खराब झालेले. आणि हा सातवा, तेच पाणी केळीच्या सालीच्या कोळशातून गाळलं, त्यात असा खराब कल्ल्यांचा मासा दहा दिवस ठेवला, त्यानंतरचा. बघा, कल्ले पुन्हा पहिल्यासारखे झाले."

सुलूने फोटो ओळीत लावले. सातव्यावर तिचा हात थांबला. तिने तो आडवा फिरवला, मग उलटा केला.

"सर, हा तिसरा आणि सातवा एकच फोटो हाय."

सर हसले. "पेशी सगळ्या सारख्याच दिसतात हो. तुमच्या सवयीचं काम नाही हे."

सातवा फोटो सुलूने अर्धा पारदर्शक केला आणि तिसऱ्यावर सरकवत नेला. रेघेवर रेघ बसली. कोपऱ्यात काचेवर अडकलेला धुळीचा एक वाकडा केस होता, तोसुद्धा केसावर बसला.

"पेशी सारख्या असतील," ती म्हणाली. "धूळ कशी सारखी असंल?"

हिमानीचा चेहरा उतरला. "सर, हा सातवा फोटो तुम्ही मला पाठवला होता."

सरांनी खुर्ची ओढली. दहाव्या दिवसाच्या सगळ्या स्लाइडवरचे कल्ल्यांचे पातळ काप फाटले होते, त्यांनी सांगितलं. मासे बरे झालेले त्यांनी स्वतः पाहिले होते. चांगले पोहत होते, खात होते. पुन्हा प्रयोग म्हणजे चार महिने, आणि बढतीची फाइल त्याआधी जायची होती. "निष्कर्ष तर खराच आहे. मग चित्र कुठलं का असेना! तुम्ही नाही का, नवरीच्या गालावरचा डाग काढत?"

"काढते ना. पण तिला सगळं गाव ओळखतं, कुणी फसत नाय," सुलू म्हणाली. "डाग काढते मी, नवरी बदलत नाय. उद्या तुमचं वाचून कुणी खरंच असलं पाणी गाळून माशांच्या तळ्यात सोडलं तर? हे पान मी करणार नाय."

सरांनी पेनड्राइव्ह उचलला आणि निघून गेले. संध्याकाळी रामनाथ कुरकुरला, "कालेजची सगळी कामं जातील. तुला काय पडलंय?" सुलू म्हणाली, "माझ्या हातून जायचं होतं ते. म्हणून पडलंय." आणि तिने भाकऱ्या थापायला घेतल्या.

सरांनी पान दुसरीकडून करून घेतलं. पण जर्नलचा नियम असा, की प्रत्येक लेखकाने सही करायची: फोटो खरे आहेत, त्यात फेरफार केलेला नाही. पहिलं नाव हिमानीचं. तिने सही केली नाही, आणि निबंध अडकला. पंधरा दिवस सरांनी समजावलं, मग बोलणं टाकलं. एका दुपारी ती स्टुडिओत येऊन बसली. "ताई, माझी तीन वर्षं पाण्यात जातील का?"

"मासे मिळतात ना अजून खाडीत?" सुलूने विचारलं. "मग कर परत. फाटलेल्या स्लाइडीला तू काय करशील? पण खोट्याखाली नाव घातलंस तर ते जन्मभर वागवावं लागंल."

हिमानीने प्रयोग पुन्हा केला. चार महिने टाक्या धुतल्या, पाणी गाळलं. दहाव्या दिवशीच्या स्लाइड या वेळी धड निघाल्या, आणि कल्ले निम्मेच भरलेले दिसले. मासे पोहत होते, खात होते, पण बरे झाले नव्हते. पुरते बरे व्हायला पंचवीस दिवस लागले. तिने स्लाइड सरांपुढे ठेवली. ते बराच वेळ सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले. मान वर करून म्हणाले, "बरं झालं तू सही केली नाहीस." त्या वर्षीची बढती त्यांच्या हातून गेली होती, पण नवा निबंध त्यांनी स्वतः बसून हिमानीबरोबर लिहिला.

आणि फोटो घेऊन तेच सुलूकडे आले. जरा अवघडत म्हणाले, "ताई, तुमच्याच हातचं पान हवं." संपादकांनी मूळ फोटो मागवले, ते जसेच्या तसे गेले. फोटोंवर काय काम केलं हेही लिहून द्यायचं होतं. सुलूने मराठीत सांगितलं, हिमानीने इंग्रजीत उतरवलं: आठही फोटोंचा उजेड सारखाच वाढवला, दुसरं काही केलं नाही, सुलभा चुरी, पाम. निबंध छापून आला तेव्हा ते वाक्य त्यात होतं. रामनाथने ते मोबाइलवर मोठं करून पाहिलं आणि दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवलं.

गेल्या महिन्यात कॉलेजने तिला पीएचडीच्या मुलांपुढे तासभर बोलायला बोलावलं. भाषण तिने केलंच नाही. पडद्यावर बारा फोटो लावले आणि विचारलं, "यात कुठले दोन एक हायत?" बावीस जणांपैकी चौघांनाच ओळखता आलं. एकाने धीर करून विचारलं, "ताई, हे शिकायला किती दिवस लागतात?"

"दिवस नाय लागत, घाई सोडावी लागते," सुलू म्हणाली. "चला, काढा आपापले फोटो बाहेर. तुमचेच बघू."

खोलीत चुळबुळ झाली. मग पहिल्या बाकावरच्या मुलीने आपला लॅपटॉप तिच्याकडे सरकवला.