अवसेला दक्षिणेची वाट

तर ठकुबाई रडत रडत माहेरी मार्गासनीत आली, इथवर काल सांगून झालं होतं. ही रखमाजीआबांची धाकटी बहीण, पालीला दिलेली. तिला कुणीतरी निरोप दिला, तुझ्या दादानं दक्षिणेला जायचं ठरवलंय, तेही चैतातल्या अवसेला, आणि तिकडं पाय करून निजणार आहे. दक्षिणेकडं पाय मयताचे करतात. बाईनं यावरून काय उमजायचं? तिनं चुलीवरचं कालवण खाली उतरवलं आणि तशीच निघाली.

आली तर आबा ओसरीवर बसून वहाणेचा अंगठा शिवत होते.

"दादा, तू चाललास व्हय रं?"

"चाललो की. पर सांजच्याला. तू आधी जेव."

झालं होतं एवढंच. कामथडीचा मानसिंग पंधरा वर्षं जहाजावर कोळसा ओढून परत आला होता. नसरापूरच्या बाजारात तो सांगे, खाली दक्षिणेच्या दर्यावर चार चांदण्या पतंगासारख्या उभ्या राहतात, इकडच्या माणसाच्या नशिबी त्या नाहीत. ऐकणारे "आसंल बाबा" म्हणून मिरच्या घेऊन घरी जात. आबा मात्र तिथंच अडकले. त्यांचा डावा डोळा मोतीबिंदूनं गेला होता, उजव्यात आता उतरत होता. भोरच्या डॉक्टरांनी सांगितलं, पुढच्या चैतापर्यंत हाही जाईल. म्हणजे बघायचं ते याच चैतात.

जहाज काही मार्गासनीवरून जात नव्हतं. पण वरच्या पठारावर गुरं राखणाऱ्या म्हादू धनगराला ही हकिगत कळली, तेव्हा तो म्हणाला, "त्या व्हय? आमच्या वाड्यावरनं रोज दिसत्यात. गुरं बी बघत्यात."

बेत ठरला. चंद्राचा उजेड नको, म्हणून अवस. चांदण्या आडवं पडून बघतात हे सगळ्यांनाच ठाऊक; आणि दक्षिणेच्या बघायच्या तर पाय तिकडंच येणार. आबांच्या मते यात बोलण्यासारखं काही नव्हतं. त्यांच्या कारभारणीच्या, धोंडाबाईंच्या मते होतं.

"उत्तरंकडं पाय करून बघा की."

"अगं, माझ्या टाळूला डोळं हायेत का?"

महिनाभर यावर खल चालला. आबा रोज घोंगडी बांधत, धोंडाबाई रोज सोडत. शेवटी अवसेच्या दिवशी त्याही पदर खोचून उभ्या राहिल्या. "म्या बी येते. पाय तिकडं गेलं की वढून फिरवीन."

ठकुबाईला घर राखायला ठेवून दोघं चढली. म्हादूच्या धनगरवाड्यावर आबांनी घोंगडी अंथरली, ती धोंडाबाईंनी फिरवली, आबांनी परत फिरवली. म्हादू थोडा वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "आबा, निजताय कशापायी? त्या वर न्हाई चढत. समोरच्या डोंगरावर हातभर येत्यात आन् जात्यात. बसून दिसतंय."

महिनाभराचं भांडण असं मिटलेलं धोंडाबाईंना आवडलं नाही. त्यांनी दुसरं काढलं. दक्षिणेकडं तोंड करून भाकरी खायची नाही. आबांनी चांदण्यांकडं पाठ करून भाकरी खाल्ली, हात धुतला आणि मग फिरून बसले.

एक वर, एक खाली, एक डावीकडं. आबांनी मोजल्या. डोळा पुसून पुन्हा मोजल्या. तीनच. धोंडाबाईंनी त्यांचं बोट धरून जरा उजवीकडं नेलं. "ही बारकी बघा, हितं." तिथं आबांना काळोख दिसला. बोट मात्र त्यांनी तिथंच धरून ठेवलं, हात भरून येईपर्यंत.

सकाळी दोघं खाली उतरली. ठकुबाई दारातच उभी होती. दादा पायांनी चालत आलेला बघून तिचा जीव भांड्यात पडला. मग तिनं विचारलं, "दादा, दिसल्या का रं चारी?"

आबा वहाणा काढत म्हणाले, "तीन म्या बघितल्या, चवथी हिनं. आमचं घर एकत्र हाय, चारी आमच्याच."