धुऱ्यावरची शिकार

हिवाळ्यात आमच्या मोठेबाबांच्या घरी रस्सा शिजणार की चून, म्हणजे साधं पिठलं, हे बदकांवर ठरायचं.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. वडील नोकरीपायी यवतमाळला आले आणि आम्ही ऑफिसची माणसं झालो. मोठेबाबा दिग्रसजवळच्या गावात कपाशी आणि तूर पिकवत राहिले. त्यांच्या वावराच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून तलाव आहे. कापूस वेचायला आला की तिथे बदकं उतरतात. थापट्या असतात, धनवर असतात, नशीब असेल तर सोनेरी चक्रवाकांची जोडी.

आणि घरात आजोबांची बंदूक होती. बारा बोअरची, परदेशी, पंपाची. नळीखालची लाकडी मूठ मागे ओढली की उडालेलं काडतूस बाहेर पडतं, पुढे ढकलली की दुसरं आत बसतं. आजोबांनी ती जंगलखात्यातल्या एका निवृत्त साहेबाकडून घेतलेली. तेव्हा बदकांची शिकार उघड चालायची. पुढे कायद्याने बंदी आली, परवाना तेवढा पीकसंरक्षणासाठी राहिला. बाकीच्यांनी आपापल्या बंदुका गुंडाळून माळ्यावर टाकल्या. मोठेबाबांनी शिकार चालूच ठेवली, फक्त बार काढणं सोडलं.

सकाळी चहा झाला की ते बंदूक घेऊन धुऱ्यावर उभे राहायचे. आत जुनी, उडालेली काडतुसं भरलेली असायची, कारण नुसता घोडा पाडला तर आतली सुई खराब होते. थवा उठला की बंदूक खांद्याला लागायची, नळी बदकाच्या पुढे धावायची आणि टक् असा कोरडा आवाज यायचा. मग खटक्‌-खटक्‌ पंप, आणि दुसरं बदक. शेवटी गवतात वाकून पडलेली काडतुसं शोधायची. ते करताना त्यांचा चेहरा इतका प्रसन्न असायचा की मला त्यांचा हेवा वाटायचा.

उडत्या बदकावर नेम धरून चालत नाही, त्याच्या पुढे धरावा लागतो. आणि घोडा ओढतानाही नळी सरकत राहिली पाहिजे. ती जरा अडखळली की छर्रे मागून जातात. अडखळली की नाही, हे ज्याच्या हातात बंदूक त्यालाच कळतं. म्हणजे घरच्यांना मोठेबाबांच्या शब्दावरच भरवसा ठेवावा लागायचा. फाटकातून मोठी आई, म्हणजे त्यांची बायको, विचारायची, "काय झालं वो?" ते "पडला" म्हणाले तर कोंबड्याचा रस्सा. "मांगं गेला" म्हणाले तर चून-भाकर.

आम्ही भावंडं देव पाण्यात घालून बसायचो, पण या माणसाने कधी अर्धं बदकसुद्धा फुकट पाडलं नाही. जावई पहिल्यांदा घरी आले, त्या दिवशीही नळी अडखळली होती. नव्या जावयाच्या ताटात चून पाहून मोठ्या आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मोठेबाबा मात्र तिसरी भाकर चुरत म्हणाले, "बदकानं ऐकलं नाही जावईबापू, मी काय करू?" मला त्या दिवशी चिडायला हवं होतं. पण मी त्यांच्यावर फिदा झाले, ती आजतागायत.

मागच्या हिवाळ्यात त्यांची नजर पार गेली. उजव्या डोळ्याने दिसेनासं झालं, डाव्याने सगळं धुक्यात. परवान्याची मुदतही संपत आली होती. पुण्याहून आलेला माझा चुलतभाऊ म्हणाला, बंदूक ठाण्यात कायमची जमा करून टाका. त्याला ती नको होती. मला हवी होती. शहरातल्या, ऑफिसात बसणाऱ्या बाईला बंदूक कशाला, असं सगळे म्हणाले. तो खटक्‌-खटक्‌ आवाज आमच्या घरातून जाऊ नये, एवढंच मला वाटत होतं.

मोठेबाबा म्हणाले, "चाल धुऱ्यावर. पडला त बंदूक तुह्या नावावर करू. नाही त ठाण्यात."

घरी कोंबडा आधीच डालीखाली झाकलेला होता. भावाची पोरं त्याच्याभोवती घिरट्या घालत होती. धुऱ्यावर मी बंदूक खांद्याला लावली. ती माझ्या अंदाजापेक्षा बरीच जड होती. थवा उठला. एका धनवराच्या पुढे नळी छान धावली, आणि घोडा ओढताना अडखळली. अगदी किंचित. माझ्याशिवाय कुणाला कळलं नसतं. मोठेबाबा तर आवाजाच्या दिशेने नुसतीच मान वळवत होते.

"काय झालं व?" त्यांनी विचारलं.

"पडला" हा शब्द अगदी ओठांवर आला होता.

"मांगं गेला, मोठेबाबा."

ते तसेच वळले. घराकडे तोंड करून ओरडले, "चून टाक व!" कोंबडा वाचला. आठवड्याभरात बंदूक ठाण्यात गेली. दिलेला शब्द मोडतील तर ते मोठेबाबा कसले! ठाण्यातून परत येताना मी बसमध्ये मोठेबाबांशेजारी बसून रडले, आणि त्यांनी रडू दिलं.

या हिवाळ्यात मी गेले तेव्हा ते धुऱ्यावर काठी घेऊन उभे होते. पंखांचा आवाज झाला तशी काठी खांद्याला लागली, आवाजाच्या मागावर धावली, आणि त्यांनी तोंडानेच टक् केलं.

"काठी पुढं होती का मांगं? मले काही दिसून नाही राह्यलं."

काठी थव्याच्या चांगलीच मागे होती. घरी पुन्हा पोरं आलेली, पुन्हा कोंबडा डालीखाली. आणि म्हाताऱ्या माणसाला एकदा खूश करायला काय हरकत होती?

"मांगं होती."

मोठेबाबा खळखळून हसले. "मंग चूनच," म्हणाले. काठी त्यांनी माझ्या हातात दिली आणि माझा दंड धरला.

"आता घरी ने. धुरा लय खराब हाये. तू सांगशीन तिथंच पाय ठेवतो."