आई म्हणाली ‘खाली’

दुधात जायफळ पडल्याचा वास आला की मला अजून किळस येते. त्या कोजागिरीला हिंदी मुलखातल्या, राइट टाउनमधल्या आमच्या गच्चीवर दूध आटत होतं, चंद्र नुकताच वर आला होता, आणि एकाएकी नारिंगी उजेडाचा एक गोळा समोरच्या मैदानावरून सरकत आला, झाडांच्या शेंड्यांपर्यंत उतरला आणि विझला. आम्ही वीसेक जणांनी तो पाहिला. त्यात एक निवृत्त न्यायाधीश होते, डॉक्टरबाई होत्या, कॉलेजातले प्राध्यापक होते. सकाळी पेपरचा बातमीदार आला, तेव्हा आई तिच्या मोडक्या हिंदीत म्हणाली, "भैया, वो खाली था, एकदम खाली." तिला म्हणायचं होतं, जमिनीजवळ. पण हिंदीत खाली म्हणजे रिकामं, आणि छापून आलं की उडती तबकडी रिकामी होती. मला वाटलं, ही शिकलेली माणसं आता पोट धरून हसतील. पण टीव्हीवाले आले तसे न्यायाधीशसाहेब घसा खाकरून म्हणाले, "अंदर कोई नहीं था जी, मैंने खुद देखा." डॉक्टरबाईंना तर आतल्या रिकाम्या खुर्च्याही दिसल्या होत्या. आई माझ्या कानाशी कुजबुजली, "काहून खोटं बोलून राहिले हे? मी तर खाली म्हटलं होतं." मी तिला कोपरानं ढोसून गप्प केलं, कारण कॅमेरा माझ्याकडे वळत होता. ती क्लिप अजून लोकांच्या फोनवर फिरते, आणि तिच्यात रिकामी तबकडी पाहिल्याचं सांगताना सगळ्यांत खरी मीच वाटते.