आईच्या रडण्यावर लावलेलं गाणं

शहाद्याच्या व्हिडिओ स्टुडिओवाल्या शेठने मला फसवलं. पैशात नाही. पैशात मला फसवणारा अजून भेटायचा आहे. त्याने माझ्या आईचं रडणं नेलं आणि लोकांना हसायला दिलं.

मला ते कळलं एसटी स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर. शेजारच्या बाकावर तिघं जण एका मोबाइलवर वाकून हसत होते. एकाने मोबाइल माझ्याकडे वळवला. "देख भो, म्हतारी कशी नाची ऱ्हायनी." स्क्रीनवर माझी आई होती. केस सुटलेले. एक हात वर, दुसरा हवेत वाकडा धरलेला. वर लिहिलं होतं, 'हळदीत आदिवासी म्हातारी सुसाट', खाली शेठच्या स्टुडिओच्या चॅनलचं नाव. मागे डीजेचं गाणं, तिच्या पावलांवर नेमकं बसवलेलं.

ही माझी आई आहे, एवढंच म्हणायचं होतं. त्याऐवजी त्यांच्यासोबत थोडा हसलो. अर्धा चहा टाकून निघालो.

आई त्या दिवशी मजा करत नव्हती. माझा बाप गुजरातेत ऊसतोडीला गेला आणि तिथेच मेला. तेव्हा मी नऊ वर्षांचा. तिकडच्या तिकडे त्याला जाळलं. आईला तोंडसुद्धा दिसलं नाही. पुढे ती त्याच्याबद्दल कधी बोलली नाही. माझ्या हळदीला बोलली. मोहाची थोडी घेतली होती, ते कशाला लपवू, आमच्या लग्नात सगळेच घेतात. मांडवात उभी राहून पावरीत, आमच्या बोलीत, म्हणाली, "पोराच्या बापा, तिथे लांब का उभा? तुझ्या पोराला हळद लागली. ये ना बघायला." आमच्यात एकमेकांच्या कमरेला हात घालून रांगेत नाचतात. आईने तसाच हात घातला. तिथे कोणी नव्हतं. ती नाचत होती आणि रडत होती. ढोलवाल्यांनी ढोल थांबवला होता. लोक ज्यावर हसतात तो नाच मुळात असा ढोलाशिवाय, गाण्याशिवाय झाला.

मी बकऱ्यांचा व्यापारी. धडगावच्या बाजारात घ्यायच्या, शहाद्यात विकायच्या. बापाचा कोयता हातात धरला नाही, जिभेवर उभा राहिलो. लग्नाचं शूटिंग ठरवताना शेठलाही सोडलं नाही. ड्रोन फुकट पाहिजे म्हणून अडून बसलो. दोनदा उठून पायरीपर्यंत गेलो, दोनदा परत आलो. शेवटी तो थकल्यासारखा म्हणाला, "जाय भो, उडाडू तुन्हा डरोन. आठे सही कर." कराराची तीन पानं होती. मला वाचता येतं. वाचली नाहीत. मी जिंकलो होतो ना. बकरी विकताना मी स्वतः असाच थकतो. गिऱ्हाइकाला पाहिजे ते छोटं देऊन टाकतो आणि मोठं काढून घेतो. तरी मला तो चेहरा ओळखता आला नाही.

वर्षभरात आई गेली. तिचा आवाज माझ्याकडे कुठेच नाही. साधा फोन होता तिच्याकडे, तोही उचलायची नाही. शेठने दिलेल्या पेन ड्राइव्हमध्ये त्या नाचावर गाणंच आहे. तिच्या वर्षश्राद्धाला मी ते गाणं बंद करून तेवढा तुकडा माझ्या खात्यावर टाकला. दुसऱ्या दिवशी तो काढून टाकलेला. खाली सूचना, हा व्हिडिओ दुसऱ्याच्या मालकीचा आहे.

मी दोनदा वाचलं. मग स्टुडिओत गेलो.

म्हटलं, शेठ, तुमच्या चॅनलवरून ते काढा. आणि गाण्याच्या आधीचं, तिच्या आवाजाचं मूळ शूटिंग मला द्या.

तो खुर्चीत मागे रेलला. "तुन्ही माय फेमस व्हई गयी, आन तू रडी ऱ्हायना? मिठाई खावाड."

"मूळ शूटिंग द्या."

"ते कोनलेच देत नहीत. कागदवर तुन्ही सही शे."

मी हललो नाही. तेव्हा तो हसून कामगारांकडे बघत म्हणाला, "बरं, भाव सांग. बकऱ्यासना भाव ते मोठा करस. मायना भाव सांगता येत नही का?"

ते सगळे हसले. कॅमेरे पुसणारा, अल्बम चिकटवणारा, सगळे. मी त्याची गचांडी धरेन असं त्यांना वाटलं असणार. बाजारात मी याहून कमी बोलण्यावर हात उचललेला आहे. पण मला काही वेगळंच झालं. आयुष्यात पहिल्यांदा कोणी मला भाव विचारला आणि माझ्या तोंडात आकडा आला नाही. मोठा नाही, लहान नाही. मी म्हणालो, "भाव नाही." आणि बाहेर आलो.

घरी कोणी माझ्या बाजूने नाही. धाकटी बहीण म्हणते, दादा, लोक बघतात तर बघू दे, ती तरी कुठे दिसते आता. मामेभावाने तोच व्हिडिओ स्टेटसला ठेवला, वर बदाम लावून. बायको समजावते, शेठशी वैर नको, उद्या घरात अजून लग्नं आहेत. वकील म्हणाला, सही आहे तर कठीण आहे. बकऱ्यांच्या टेम्पोत एकटा बसतो तेव्हा तिचं ते वाक्य पावरीत म्हणून बघतो. शब्द जमतात. आवाज माझाच येतो.

मी दुसरा वकील बघणार आहे. तो नाही म्हणाला तर तिसरा. आणि तोवर बाजाराचा दिवस सोडून रोज, शेठ शटर उघडतो तेव्हा मी समोर उभा असतो. आत येणाऱ्या प्रत्येक वरबापाला सांगतो, तीन पानं आहेत, वाचा. त्याने पोलीस बोलवावेत. मला तेच पाहिजे, निदान माझं म्हणणं कुठेतरी लिहिलं जाईल.

सही माझी होती, हे मी कबूल करतो. ड्रोन मी घेतला. पण रडणं तिचं होतं. ते देऊन टाकायचा हक्क मला कोणी दिला नव्हता, माझ्याकडून घ्यायचा, शेठ, तुला कोणी दिला? कॅमेरा तिच्या तोंडाजवळ नेला तेव्हा तिला कोणी विचारलं? मी विचारलं नाही. माझ्या वाट्याचं मी इथे लिहून दिलं आहे, खाली सही करायलाही तयार आहे.

शेठ, आता तुझ्या वाट्याचं सांग.