सुई गेली ते वर्ष

शिट्टीदादांना सगळे तोंडावरच शिट्टीदादा म्हणत, आणि त्यांना ते आवडायचं. जंगलातल्या बहुतेक पक्ष्यांशी ते त्यांच्या त्यांच्या भाषेत बोलत. माणसांशी बोलायची वेळ आली की मात्र हात आखडता घेत. लग्नानंतरचे पहिले काही महिने त्यांच्या बायकोला वाटलं, नवरा कशावरून तरी रुसलाय. मग लक्षात आलं, रुसलेला नाही, ऐकतोय. आणि ऐकतोय ते बाहेरचं.

बायकोला लॉजवर सगळे वहिनी म्हणत. स्वयंपाकघर आणि चादरी-अभ्रे हे त्यांचं राज्य. लॉज म्हणजे घनदाट ओल्या जंगलात लाकडी खांबांवर उभ्या केलेल्या खोल्या आणि झाडांच्या शेंड्यांना टेकलेला एक लांब व्हरांडा. पाऊस तिथे पाहुणा नव्हता, घरजावई होता. टॉवेल वाळत नसत, काडेपेटी पेटत नसे आणि बुटांना आठवडाभरात मिशी फुटे. एवढं असूनही पक्षी बघायला लांबलांबून माणसं यायची आणि दादा त्यांना रानात फेरीला नेत. घरी सूर्य डोक्यावर आल्यावर उठणारी ही मंडळी इथे अंधारात उठून गमबूट चढवत, जळवांना रक्त पाजत, एकमेकांशी कुजबुजत आणि एवढं करून निघताना हात जोडून आभार मानत. वहिनींना यातलं काहीच कधी समजलं नाही. त्या नाश्ता वेळेवर देत.

लॉज काढला होता डॉक्टरबाईंनी. त्या दातांच्या डॉक्टर. आयुष्यभर माणसांच्या उघड्या तोंडांत बघून कंटाळा आला, म्हणून म्हातारपणी चोचींकडे वळले, असं त्या स्वतःच सांगत. पाहुण्यांच्या जिवावर रखवालदार ठेवले होते, तोडलेल्या जागी रोपं लावली होती. पण लॉजचा खरा जीव होता ओढ्यापलीकडच्या चढावर. तो चढ सरकारने त्यांना राखायला दिला होता, आणि तोही एका पक्ष्यामुळे. अंगठ्याएवढा, मातकट रंगाचा, दहा पावलांवर बसला तरी पानासारखा दिसणारा तो पक्षी. आवाज मात्र असा बारीक आणि टोकदार, की ऐकणाऱ्याला वाटावं, कुणी कानात सुई ओवतंय. म्हणून दादांनी त्याला सुई म्हटलं आणि सगळ्यांनी तेच उचललं. सुई आधी ऐकावी लागे, मगच दिसे. पाटीवर सुई होती, कपांवर सुई होती. ती आहे तोवर चढ लॉजकडे. ती नसेल तर लाकूडवाले टपलेलेच होते.

त्या वर्षी दादा एका सकाळी पाहुण्यांना घेऊन परत आले, गमबूट न काढताच पायरीवर बसले आणि म्हणाले, "सुई गेली."

मॅनेजरच्या हातातला कप थबकला. "गेली म्हणजे?"

"महिना झाला. एकदा पण बोलली नाही. पुढच्या वळणापर्यंत जाऊन आलो, ओढ्याच्या उगमापर्यंत गेलो. नाहीये ती."

कुणी पडताळून पाहिलं नाही. पडताळणार कोण? लॉजवरच्या प्रत्येकाला ऐकायला दादांनीच शिकवलं होतं. दुसरा गाईड पूर्वी जीप चालवायचा. त्याने मध्ये एकदा चालता चालता भीतभीत विचारलं होतं, "दादा, ही सुईच ना?" दादांनी डोळे मिटून बराच वेळ ऐकलं आणि सांगितलं, "किडा आहे." त्या दिवसापासून जीपवाल्यालाही किडाच ऐकू येऊ लागला. श्रद्धा असली की कान बरोबर वळण घेतात.

दादांनी सुतक धरल्यासारखं केलं. जेवण अर्ध्यावर आलं. दोष त्यांनी स्वतःकडे घेतला. आपण फार शिट्ट्या मारल्या, पाहुण्यांच्या हौसेपायी तिला उगाच बाहेर बोलावत राहिलो, तिला वाटलं असेल दुसरा कुणी जागा बळकावतोय, म्हणून गेली, असं ते भिंतीकडे बघून सांगत. एरवी न बोलणारा माणूस आता बोलायचा तो एवढंच. शर्ट खांद्यावरून ओघळू लागला.

वहिनी समजूत काढत. "अहो, पक्षीच तो. कंटाळला असेल इथल्या ओलीला. मला पंख असते तर मी पण गेले असते."

"तुला नाही कळायचं," दादा म्हणत. ते खरंच होतं. पक्ष्यांच्या एवढ्या मोठ्या जाणकाराची बायको असून वहिनी एकाही फेरीला गेल्या नव्हत्या. फेरीच्या वेळी चुलीवर अंडी उकळत असत.

मग एक दिवस एक पाहुणीबाई जेवणाच्या खोलीत उदास बसली होती. सुईसाठी आली होती आणि तिला सुतकात सामील व्हावं लागलं होतं. "निदान मोबाइलवर तरी ऐकते," म्हणत तिने फोन टेबलावर ठेवला आणि आवाज लावला. वहिनी सूपचं भांडं घेऊन येत होत्या. त्या दारातच थांबल्या.

हा आवाज त्यांना पाठ होता. स्वयंपाकघरामागे चादरी वाळत घालायची दोरी होती. कपडे धुतलेलं पाणी तिथल्या चरातून वाहून नेच्यांच्या गचपणात जाई. त्यावर चिलटं घोंगावत. पाहुण्यांना तिकडे न्यायचं नाही असा डॉक्टरबाईंचा सक्त नियम होता, कारण जागा दिसायला बरी नव्हती. आणि त्या गचपणातून रोज सकाळी हेच कुणीतरी ओरडत असे. वहिनींना ते दोरीच्या गंजलेल्या कडीचं करकरणं वाटायचं. त्यांनी कडीला दोनदा तेलही घातलं होतं.

"अगंबाई, हीच ती?" हे शब्द अगदी ओठांवर आले होते. तेवढ्यात पाहुणीबाईच्या शेजारी बसलेले दादा फोनकडे वाकून म्हणाले, "लावा ना. आवाज मोठा करा."

"मोठाच आहे दादा," पाहुणीबाई म्हणाली. "पूर्ण केलाय."

"हां, हां," दादा म्हणाले आणि मान डोलवली. पण त्यांची मान आवाज संपल्यानंतरही डोलत राहिली.

वहिनींनी सूप वाढलं. एक थेंब सांडला नाही. एकेक गोष्ट आता जागेवर बसत होती. फ्रिजचं दार उघडं राहिलं की तो बारीक टीं टीं करतो. हल्ली दादा दार उघडं टाकून तिथेच उभे राहत, आणि वहिनी ओरडल्या, "अहो, फ्रिज बोंबलतोय!" की निरागसपणे विचारत, "कुठे?" नवरे असेच असतात, असं समजून त्यांनी ते सोडून दिलं होतं. संध्याकाळी अंगणात बसल्यावर ते म्हणत, "रातकिडे पण कमी झाले गं." किड्यांनी तेव्हा सगळं रान डोक्यावर घेतलेलं असे.

आठवड्याभरात सरकारकडून चढाची पाहणी करायला एक बाई येणार होत्या. दादा त्यांना सांगणार होते, सुई नाही. दादांचा शब्द तिथे शेवटचा होता. वहिनींनी खरं सांगितलं तर चढ वाचणार होता. पण सांगायचं काय? ज्या माणसाकडे कानांखेरीज दुसरं काहीच नाही, त्याला म्हणायचं, पक्षी जागच्या जागी आहे, गेलंय ते तुमचंच काहीतरी?

त्यांनी आडवळणाने सुरुवात केली. "अहो, एकदा गावात जाऊन कान दाखवून या ना. मळ बिळ साठला असेल."

दादा हसले, बऱ्याच दिवसांनी. "माझ्या कानांवर अख्खा लॉज उभा आहे, आणि तू मळ काढायला निघालीस."

"उभा आहे म्हणूनच म्हणते."

"चहा कर," दादा म्हणाले. विषय संपला.

पाहणीच्या आदल्या सकाळी वहिनींनी मदतीला कुणी नाही अशी थाप मारून त्यांना मागे नेलं. ओली चादर पिळायला दोघं लागतात. एक टोक वहिनींनी धरलं, दुसरं दादांनी, आणि दोघं उलट दिशांनी पिळू लागले. पाणी चरात पडू लागलं. नेच्यातून आवाज आला, जोरात, जणू कुणी हाक मारतंय. वहिनींनी दादांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. दादा चादरीकडे बघत होते.

"तिकडे बघा," त्या हळूच म्हणाल्या. "वाळलेल्या देठावर."

दादांनी पाहिलं. कित्येक आठवड्यांत न दिसलेला उजेड त्यांच्या चेहऱ्यावर आला. "अगं," ते कुजबुजले, "अगं, आहे की! इथे? या घाणीत?" वहिनींना क्षणभर वाटलं, इथेच थांबावं. यांनी एवढंच पाहावं आणि पाखराने उडून जावं.

सुईने चोच उघडली. गळ्याजवळची पिसं थरथरली.

दादा वाट बघत राहिले. चोच मिटली, परत उघडली. "बोल," दादा म्हणाले, "बोल ना गं. घाबरू नको." चोच उघडत होती, मिटत होती, गळा फुलत होता. नजरेने तर ते तिला पुरतं ओळखत होते. सुई गळा असा फुलवते तेव्हा ती काय करत असते, हे जगात त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

"अहो," वहिनी म्हणाल्या, "बोलतेय ती."

दादांच्या हातातून चादरीचं टोक सुटलं आणि चिखलात पडलं. वहिनींच्या मनात पहिला विचार आला, आता ही परत धुवावी लागणार. या विचाराची त्यांना पुढे फार दिवस लाज वाटत राहिली.

दादा तडक मॅनेजरच्या खोलीत गेले. "सुई आहे," त्यांनी सांगितलं. "चादरींच्या मागे, सांडपाण्यावर. आणि बहुतेक चढावरही असेल. मला ऐकू येत नाही." शेवटचं वाक्य मॅनेजरला ऐकूच गेलं नाही. तो तोवर डॉक्टरबाईंना हाक मारत धावत सुटला होता.

पाहणीच्या बाईंना चढावर सुया सापडल्या, चांगल्या गलका करणाऱ्या. चढ राहिला. जल्लोष झाला, केक कापला, दादांना मध्ये उभं करून फोटो काढला. जीपवाला मोठा गाईड झाला. एकदा कोपऱ्यात गाठून तो दादांना म्हणाला, "दादा, तेव्हा मला खरं तर..." दादांनी त्याच्या खांद्यावर थाप मारली आणि त्याला फेरीवर पिटाळलं.

वहिनींकडून कळल्यावर डॉक्टरबाईंनी दादांना गावात नेऊन कानाचं यंत्र बसवून आणलं. यंत्राने इमानदारीने काम केलं. चमच्यांचा खणखणाट, पाहुण्यांची घोरणी, मॅनेजरचं फोनवरचं भांडण, नको ते सगळं दादांना परत मिळालं. सुई इतकी बारीक बोलते, की यंत्र तिथवर पोचत नव्हतं. दादांनी ते डबीत ठेवून दिलं. आता ते दाराशी बसून पाहुण्यांना मापाचे गमबूट काढून देत. पावलांकडे बघून माप ओळखायचं त्यांना पटकन जमलं. पाहुणे कौतुक करत.

आणि एक दिवस पाहुणे फेरीवर गेल्यावर ते स्वयंपाकघराच्या मागच्या पायरीवर येऊन बसले. वहिनी आत कांदा चिरत होत्या. दादा बराच वेळ नेच्यांकडे बघत राहिले. देठ रिकामे होते.

"काय गं," त्यांनी वळून न बघता विचारलं, "बोलतेय का ती?"

सुई नेच्यांत कुठेतरी खोल बसून जीव तोडून बोलत होती.

"नाही," वहिनी म्हणाल्या.

दादांनी मान हलवली. मग ते बोलू लागले, आणि थांबेनात. हवा अशी जड असली की ती बोलत नाही. पिल्लं मोठी झाली की महिनाभर मौन धरते. उगाच बडबड करणारा पक्षी नाही तो, फार विचारी आहे. या पायरीवर बसून ते मुद्देसूद समजावत होते, पाहुण्यांना समजावत तसं. वहिनी सुरी खाली ठेवून दारात उभ्या होत्या आणि "हो का?", "असं होय?" म्हणत होत्या. समोरून तो बारीक आवाज त्यांच्या प्रत्येक वाक्याला टोचत होता. सुई बोलतेय हे दादांना कळलं होतं की नाही, हे वहिनींनी कधी विचारलं नाही. त्यांच्यासाठी नवऱ्याने पहिल्यांदाच एवढी मोठी फेरी काढली होती, आणि त्यांना ती मध्येच तोडायची नव्हती.