वळणावरची शिवी

आमच्या गावात झगडी मावशीला हळू बोलताना कोणी ऐकलं नाही. देवाला हात जोडायची तेही भांडायला उभी राहिल्यासारखी. ती माझी सख्खी मावशी नव्हे, शेजारीण. मी मात्र इतकी हळू बोलते की दुकानदार दोनदा विचारतो. म्हणूनच चोरट्यांनी मला निवडलं, असं मला पुष्कळ दिवस वाटत होतं.

कापूस वेचून मी परत येत होते. डोक्यावर गाठोडं, दोन्ही हात वर. बाभळीच्या वळणावर मागून मोटारसायकल हळू झाली. मागे बसलेल्यानं आर्णीचा रस्ता विचारला. सांगायला मी मान वळवली, तर मंगळसूत्र ओढून पळाले. गळ्याला चीर पडली. तोंडातून आवाज निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी बाया बसायला आल्या, कोणी मेल्यावर येतात तशा. एकटी काहून गेली, सोनं घालून वावरात कोण जाते, आता मोकळ्या गळ्यानं हळदीकुंकवाला कशी येशील. मी पदर गळ्याभोवती गुंडाळून ऐकत होते. चोरट्यांपेक्षा मला त्यांचाच राग आला, पण तोही आतल्या आत. मावशी दारात येऊन त्यांना म्हणाली, "चहा पेल्या ना? उठा मंग. चोर पुरले हिले, तुम्ही कायले आल्या?"

मग मी घराबाहेर पडेना. गाडी वाजली की हात गळ्याशी जाई. नवऱ्यानं काळी पोत आणून दिली, ती डब्यात पडून राहिली. एका सकाळी मावशी कमरेला वेचणीची ओटी बांधून दारात उभी. "चाल. पऱ्हाटी फुटून राह्यली तुही, कापूस गळून जाईन." मी म्हटलं, त्या वाटेनं नाही. "वाटेनं चोरलं का तुहं? तिच्यावर काहून रुसली?"

वळणावर ती थांबली आणि रिकाम्या रस्त्याकडे पाहून ओरडली, "हात झडो तुहे, मुडद्या." मग मला म्हणाली, "आता तू." माझं तोंड उघडलं, पण आवाज नाही. "कोंबडी बी कापतानी ओरडते. तू तिच्याहून गेली का?" रोज हेच. पाठीवरून हात नाही, गोड शब्द नाही. देव त्यांना पाहून घेईल असं मी एकदा म्हटलं, तर ती माझ्यावरच खेकसली, "देवाले त्याची कामं हायेत. राग तुहा हाय, तूच सांभाळ."

एक दिवस मागून मोटारसायकल हळू झाली आणि माझ्या पोटातून शिवी निघाली, आईबापांसकट. गाडीवाल्यानं तोंडावरचा गमछा सोडला. तो मावशीचा जावई होता. आमच्याकडे जावयापुढे डोक्यावरचा पदर ढळू देत नाहीत. मला जमिनीत जावंसं वाटलं. मावशी त्यालाच म्हणाली, "जावई असो का जावयाचा बाप, बाईच्या मागं गाडी हळू करायची नाही. दुरून हॉर्न वाजव." बिचारा तेव्हापासून नाल्यापलीकडूनच हॉर्न वाजवत यायचा.

त्या संध्याकाळी मी पोत गळ्यात घातली.

चोर सापडले नाहीत. माझा रागही गेलेला नाही आणि मी त्याला जाऊ देणार नाही. पुढे मावशी थकली, जावई तिला आर्णीला घेऊन गेला. यंदा वेचणीला मी एकटीच जाते. परवा वळणावर दुरून हॉर्न ऐकू आला. मावशी भेटायला आली असेल म्हणून मी गाठोडं खाली ठेवून थांबले.

जावई एकटाच होता. उतरला आणि गमछा डोळ्यांना लावला.

"हात झडो तुहे," मी ओरडले. बाभळीवरचे बगळे उडाले. ही शिवी कोणाला, हे जावयानं विचारलं नाही.